पात्याचा कोन

"हाही कोन चुकला!" ह्यांनी तिसरा ठोकळाही कोपऱ्यात भिरकावला.

"नाचता येईना, अंगण वाकडं," मी हसून म्हणाले. जिभेला हाड नसतं म्हणतात ते काही खोटं नाही.

हे सुतार. वर्षभरापासून हातांना कंप सुटला होता. आधी चहा बशीत सांडायला लागला, मग खिळे वाकडे जायला लागले. डॉक्टर म्हणाले, आता हे वाढतच जाणार. पातं दोन्ही अंगठ्यांनी दाबून लाकूड खरवडायचं कामही सुटलं. तेव्हा ह्यांच्या डोक्यात आलं, पातं लाकडी ठोकळ्यात पक्कं बसवायचं. हात थरथरला तरी ठोकळा कशाला थरथरेल?

समोर गिऱ्हाइकाच्या टेबलाची फळी होती. तिचे रेशे उलटसुलट, नेहमीचा रंधा लावला की उचकटायचे. "ही गुळगुळीत झाली तर दुकान चालू ठेवायचं, नाहीतर कुलूप," हे आपणच ठरवून बसले होते.

पहिल्या ठोकळ्यात पातं सरळ उभं. दुसऱ्यात जरासं पुढे झुकलेलं. तिसऱ्यात आणखी. पण फळीवर दर वेळी लाटाच उठायच्या, पन्हाळी पत्र्यासारख्या.

हे चौथ्यासाठी लाकूड आणायला गेले. मी केर काढत होते. दुसरा ठोकळा उचलला आणि कुणास ठाऊक का, फळीवर ठेवून ढकलला. उभ्या जन्मात मी रंध्याला हात लावला नव्हता. पात्यातून कांद्याच्या पापुद्र्यासारखी लांबलचक साल निघाली. खाली लाटांच्या मधोमध एक पट्टा, अगदी काचेसारखा.

म्हणजे कोन चुकलाच नव्हता. बाहेर पावलं वाजली तशी मी साल मुठीत चुरगाळली.

"कोनच चुकलाय हो," मीच आधी बोलले. "चौथा करून बघा."

ह्यांनी मान डोलावली आणि सवयीने फळीवरून तळवा फिरवला. त्या पट्ट्यावर तो थांबला.

"मूठ उघड."

"अहो, केर आहे."

"उघड गं."

ह्यांनी साल उजेडात धरली. ती त्यांच्या बोटांत नुसती लटलटत होती.

"दुसरा ठोकळा ना?"

"हो."

"म्हणजे अंगण सरळच होतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "अहो, मी आपली उगाच..." म्हणायला गेले, पण ह्यांनी हातानेच थांबवलं आणि स्टुलावर बसले. मग म्हणाले, "उरलेली फळी तू कर. गिऱ्हाइकाला शब्द दिलाय."

"मला जमायचं नाही."

"जमलंय की. हातांनी रेटू नको, अंग पुढे टाक."

मी ठोकळा ढकलायला लागले. डोळ्यांत पाणी, फळी दिसेना. हे नुसत्या आवाजावरून सांगत होते, "आता हलकं. हां, असंच." सालीवर साल पायाशी पडत होती.

फळी संपली तेव्हा मी मागे वळून पाहिलं. दोन्ही हात मांड्यांखाली दाबून हे ताठ बसले होते.