पाण्याखालचं फडकं

त्या सकाळी बारवेत नऊ बायका होत्या, दोन पुरुष होते आणि दावं तोडून पायऱ्या उतरलेली एक शेळी होती. सतरा घागरी, चार कळश्या, एक पत्र्याचा डबा. माणसांचे पाय बावीस. त्यांतल्या चार पायांना फडकी बांधलेली. काठावर बसलेल्या त्र्यंबक आठल्ये या आरोग्य खात्याच्या नव्या इन्स्पेक्टरने एवढं मोजलं. पाचवं फडकं त्याच्या मोजणीत आलं नाही. ते पाण्याखाली होतं.

ते झुंबरबाईचं होतं. पेठेतल्या सात घरी ती पाणी भरायची; शाळेच्या मास्तरांचं घर त्यांतलंच. उजाडायच्या आत ती सगळ्यांआधी बारवेत उतरे आणि बायका असेपर्यंत गुडघाभर पाण्यातल्या पायरीवरून हलत नसे. कुणी घाईत असली की तिची घागरही भरून वर द्यायची. त्यामुळे बायकांना ती मदतीची वाटे.

होळीनंतर तिच्या डाव्या घोट्यावर फोड आला होता. पाडव्याआधी तो फुटला आणि आतून शेवईसारखं पांढरं टोक बाहेर आलं. नारू. पावलात निखारा कोंबल्यासारखी आग व्हायची आणि पाय गार पाण्यात गेला की थांबायची. हे गावातल्या प्रत्येक नारूवाल्याला ठाऊक होतं. पाण्यात पाय बुडवण्यात कुणाला काही वावगं वाटत नव्हतं. झुंबरबाई फडकं लपवत होती ते घरांसाठी. मागल्या उन्हाळ्यात अंबूबाईला नारू झाला, तेव्हा तिची पाचही घरं सुटली होती. स्वयंपाकघरापर्यंत येणाऱ्या बाईच्या पायात किडा चालत नाही. कुणी विचारलंच, तर बाभळीचा काटा मोडला असं झुंबरबाई सांगे.

"आये!"

वरच्या पायरीवर शालू उभी होती. झुंबरबाईची एकुलती एक लेक. दोन वर्षांपूर्वी बेडशाला दिलेली, आखितीला, अक्षय्य तृतीयेला, माहेरी आलेली. पहाटे कामशेतला गाडी धरून वडगावला उतरली आणि तिथून उन्हातान्हात चालत आली होती. तोंड लालबुंद झालं होतं.

"आली का बाय! दीर कुटंय?"

"येशीवरनं फिरला मागारी. आये, घागर दे की, घसा वाळलाय."

"ही मास्तरांची हाय. तिला तोंड न्हाई लावायचं. खाली ये, वंजळीनं पी."

शालू लुगडं खोचून खाली आली, आईच्या शेजारी पाण्यात उभी राहिली आणि वाकून प्याली. एक ओंजळ, दुसरी, तिसरी. मग ओले हात तोंडावरून फिरवत म्हणाली, "आमच्या बेडशाला न्हाई असं गोड पानी."

"सासरचं पानी कवा गोड असतंय व्हय?" अंबूबाई पलीकडून म्हणाली. सगळ्या हसल्या. झुंबरबाईही हसली.

सण झाला. दहा-बारा दिवस राहून शालू परत गेली. ती गेल्यावर आठल्येने चावडीत एक पितळी सूक्ष्मदर्शक मांडला आणि गावाला बोलावलं.

रखमाजी पाटलांना हे सगळं पोरखेळ वाटत होतं. "सायेब, नारू म्हंजी उन्हाळ्याची शीर. उष्णता वाडली की भाईर येती. आमच्या आज्यालाबी व्हता."

"पाटील, शीर असती तर ती बाहेर काढल्यावर पाय चालला नसता," आठल्ये म्हणाला. त्याने बारवेतलं पाणी भरलेला काचेचा पेला उन्हात धरला. पाण्यात टाचणीच्या टोकाएवढे पांढरे ठिपके उड्या मारत होते. "ही पाणपिसू. नारूचा पाय पाण्यात गेला की नारू पाण्यात अळ्या सोडतो. हजारो. पिसू त्या खाते. तिच्या पोटात अळी तयार व्हायला पंधरा दिवस लागतात. मग ते पाणी जो पितो, त्याच्या अंगात नारू वाढत राहतो. वर्षभर."

"वरीसभर?" अंबूबाईने आपल्या पायावर यंदा पुन्हा बांधलेल्या फडक्याकडे पाहिलं. "मंग ह्यो माजा यंदाचा न्हाई?"

"गेल्या उन्हाळ्यातल्या पाण्याचा."

"आन मास्तरांच्या घरात कुनालाच कसा न्हाई? पानी तर ह्याच बारवंचं."

"त्यांच्याकडे हंड्याच्या तोंडाला दुहेरी फडकं बांधतात. पिसू फडक्यावर राहते. तुम्हीही गाळून प्या."

"आमच्या अंगाला धड फडकं न्हाई, पान्याला कुटलं आनू?" अंबूबाई म्हणाली. चावडी हसली. आठल्येही हसला, आणि मग त्याच्या ध्यानात आलं की ती थट्टा करत नव्हती.

त्याने चार फडकीवाल्यांची नावं घेतली. "आणखी कुणाला आहे?"

झुंबरबाई भिंतीला टेकून बसली होती. डावा पाय तिने उजव्या मांडीखाली घेतला होता.

"अंबे, उद्यापास्नं बारवंत पाय टाकायचा न्हाई," पाटील म्हणाले.

"मंग पानी काय आबाळातनं घेऊ?"

"गावात घान कालवली ती कालवली, वर तोंड चालवती!" मागून एक बाप्या ओरडला. अंबूबाई उठली आणि लंगडत बाहेर गेली. ती कुणाकडे बघत नव्हती, पण झुंबरबाईने मान खाली घातली.

मग एकेकजण पितळी नळीला डोळा लावू लागला. झुंबरबाईची पाळी आली तेव्हा तिला नुसता अंधार दिसला.

"मावशी, दुसरा डोळा मिटा. हा उघडा ठेवा."

आता उजेडाचं एक वर्तुळ दिसलं. त्यात नासपतीच्या आकाराची पिसू होती, शेपटाशी दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या घेतलेली. पोटुशी, झुंबरबाईच्या मनात आलं. पण पोटात दुसरंच काहीतरी होतं. एक बारीक दोरा वेटोळं घालून पडला होता. ती बघत असतानाच तो हलला.

"सायेब, सगळ्या पिसवांत असतंय ह्ये?"

"नाही. शंभरात चार किंवा पाच."

"आन एका वंजळीत किती पिसवा मावत्याल?"

प्रश्न चांगला होता म्हणून आठल्येने पेल्यातलं पाणी ओंजळीत घेऊन थेट मोजून पाहिलं. "आठ ते दहा."

झुंबरबाईला पुढचा हिशेब येत नव्हता. तिला सणांचा हिशेब येत होता. फोड फुटला पाडव्याआधी. शालू आली आखितीला. मध्ये महिना गेलेला. पंधरा दिवस कधीच उलटून गेले होते.

दुसऱ्या दिवसापासून ती कोरड्या पायरीवर बसून, कंबरेत वाकून घागरी भरू लागली. पाय जळत राही. घरी येऊन ती तो मातीच्या परातीत बुडवी आणि ते पाणी चुलीतल्या गरम राखेवर ओती. राख चरचरली की तिला बरं वाटे. रोज संध्याकाळी ती नारूचं टोक खराट्याच्या काडीवर घेई आणि एक वेढा देई. फक्त एक. जोर लावला की तो तुटतो आणि उरलेला आतच सडतो, हे तिला आठल्येने सांगायची गरज नव्हती. तुटलेल्या नारूने गुडघा आखडलेली माणसं तिने पाहिली होती. तिचा नारू पुरता निघाला. दीड हात भरला. तो तिने चुलीत घातला.

पावसाळ्यापूर्वी बारवेच्या पायऱ्यांना आडवी भिंत घातली गेली आणि वर रहाट बसला. आता कुणाचा पाय पाण्याला लागत नव्हता. दोर ओढून तळहात सोलले, पण झुंबरबाईची सातही घरं टिकली.

दिवाळीला शालू आली. पहाटे उटणं लावताना झुंबरबाईने तिच्या पोटऱ्या, नडग्या, घोटे बोटांनी चाचपले. कातड्याखाली दोऱ्यासारखं काही लागत नव्हतं.

"आये, गुदगुल्या व्हत्यात. काय हुडकतीस?"

"काय न्हाई. लय रापलीस."

जाताना तिने लेकीला मांजरपाटाचा नवा तुकडा दिला. "पानी गाळून पी. दुहेरी करून."

"आता? आमच्या सासूबाई हसत्याल. म्हनत्याल, आली बामनीन."

"हसू दे."

झुंबरबाईने तो तुकडा लेकीच्या कनवटीला खोचला.

पुढच्या उन्हाळ्यात गावात नारूची माणसं गेल्या वर्षाएवढीच निघाली. आठल्ये तपासणीला आला, तेव्हा रहाटाशी बसलेल्यांनी त्याला घेरलं. "सायेब, भित बांदली, पायऱ्या गेल्या, नारू हाय तितंच हाय की! भित कुनासाटी बांदली, बेडकांसाटी?" हे गेल्या वर्षीचं पाणी आहे, भिंतीचा गुण पुढल्या उन्हाळ्यात दिसेल, असं तो प्रत्येकाला सांगत होता. ते खरं होतं, आणि ऐकणाऱ्याला त्याचा काही उपयोग नव्हता.

त्या वर्षी शालू आखितीला आली नाही. पाय दुखतोय, असा निरोप आला. झुंबरबाईने तो निरोप आणणाऱ्याला दोनदा विचारलं, कुठला पाय, कुठे दुखतोय. त्याला माहीत नव्हतं. आपण जाऊन यावं असं तिला रोज वाटे. पण सात घरी एक दिवस पाणी नाही म्हणजे काय, हेही तिला माहीत होतं. बदलीला कुणी मिळेना. अंबूबाईला विचारायचं तिला तोंड नव्हतं.

मृग लागल्यावर बेडशाची बैलगाडी दारात थांबली. शालूला दिराने उचलून ओसरीवर ठेवलं. बैलांना पाणी दाखवून तो लगेच निघाला. पेरणी खोळंबली होती. शालूचा डावा गुडघा भोपळ्याएवढा झाला होता आणि पाय मुडपलेलाच होता. अंग तापलेलं. फडकं सोडलं तसा वास आला.

"कवा निगाला?"

"आखितीच्या आदी. काडीवर घेत व्हते मी, आपल्या गावात घेत्यात तशी. रोज एक येढा." शालू धापा टाकत बोलत होती. "मिरग आला तशा सासूबाई म्हनल्या, किती दिस बसून खानार? राबात पेरायला मानूस न्हाई. मी म्हनलं, माज्या आयला बलवा, ती काडंल बराबर. त्यांनी वडला. एकदम वडला, आये."

झुंबरबाईने तिचं डोकं मांडीवर घेतलं. शेजारणीने आठल्येला बोलावून आणलं. तो चावडीतच होता. त्याने गुडघा दाबला नाही, नुसता पाहिला. पुण्याला मोठ्या इस्पितळात न्यावं लागेल, संध्याकाळच्या गाडीनेच, असं तो म्हणाला. मग नेहमीच्या सवयीने विचारलं, "गेल्या उन्हाळ्यात पाणी कुठलं प्यायलात?"

"बेडशाला झऱ्याचं," शालू म्हणाली. "तितं कुनालाच नारू न्हाई. मला एकलीलाच."

ओसरीपुढे माणसं जमली होती. मास्तरांची बायको होती, पाटील होते, मागे अंबूबाई उभी होती.

"हितलं प्याली ती," झुंबरबाई म्हणाली. "आखितीला, बारवंत. मीच बलावली खाली. माज्या पायाला तवा नारू व्हता. काटा न्हवता त्यो. मी लपीवला आन पान्यात हुबी ऱ्हायली, पाडव्याच्या आदीपास्नं." ती मास्तरांच्या बायकोकडे बघत नव्हती. तिने अंबूबाईकडे पाहिलं. "शिव्या हिनं खाल्ल्या. ह्यो माज्या पायाचा हाय सायेब. तसं लिवा."

"मावशी, तेव्हा चार जणांना नारू होता," आठल्ये म्हणाला. "तुमचा धरून पाच. हा कुणाच्या पायातला, हे सांगता येत नाही."

"तुमाला न्हाई येत. मला येतंय."

मास्तरांची बायको पदर सावरून निघून गेली. अंबूबाई पुढे आली, तिने पाण्याचा तांब्या शालूच्या उशाशी ठेवला आणि तिच्या कपाळावर हात ठेवून बसली.

"काडलेला टाकला का ठेवला?" झुंबरबाईने लेकीला विचारलं.

शालूने कनवटीची पुरचुंडी सोडली. मांजरपाटाच्या तुकड्यात एक काडी होती. काडीवरचा वेढा वाळून पिवळा पडला होता. आठल्येने तो तांब्यातल्या पाण्याने भिजवला, हलक्या हाताने उलगडून ओसरीच्या फरशीवर सरळ केला आणि त्याच्याशेजारी पट्टी ठेवली.

तुकडा अकरा इंच भरला, हातभरही नाही. बाकीचा आतच होता.