पासष्टावं पान

"तुम्ही पुस्तकं वाचत नाही, अध्यक्ष. हुंगता. पुढचं कव्हर हुंगता, मागचं हुंगता, प्रस्तावना कोणाची ते बघता आणि 'प्रत्येकाच्या संग्रही असावे असे' म्हणून मोकळे होता. या शहरात रद्दी लेखकांनी नाही वाढवली, तुम्ही वाढवलीत. शाल पांघरून, नारळ हातात देऊन, पोटच्या पोरासारखी!"

संजना गांगुर्डे हे सगळं ऐकवत होती ते फ्रिजला. हातात उलथनं होतं आणि तव्यावरचं धिरडं एका बाजूनं काळं झालं होतं.

"फ्रिजला काय सांगतेस?" विमलाबाई बाहेरच्या खोलीतून ओरडल्या. "हिंमत असेल तर त्या माणसाच्या तोंडावर बोल. आणि धिरडं जळतंय."

विमलाबाई म्हणजे तिची आई. जिल्हा परिषदेच्या शाळेत तीस वर्षं पोरं हाकलेली बाई, निवृत्त झाल्यापासून फक्त भुतांच्या आणि खुनाच्या कादंबऱ्या वाचायची. आयुष्यभर बोधकथा शिकवल्या, आता जरा माणसं मेलेली बघू दे, असं तिचं साधं म्हणणं होतं.

संजना आडगाव नाक्यावर एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या ऑफिसात बसायची. दुसऱ्या वर्षाला कॉलेजनं तिला सोडलं की तिनं कॉलेजला, यावर घरात अजून एकमत नाही. कोणतं पुस्तक चांगलं म्हणायचं हे तिला कोणत्याही प्राध्यापकानं शिकवलं नव्हतं, त्यामुळे तिला कुणाची भीडही नव्हती. महिन्याच्या शेवटच्या रविवारी शहरातल्या एका जुन्या वाचनालयात ती पुस्तकांवर बोलायची. पत्रिकेवर कार्यक्रमाचं नाव 'ग्रंथसंवाद'. लोक म्हणायचे, 'संजनाची धुलाई'.

तिला कोणताही प्रकार वर्ज्य नव्हता. स्वयंपाकाच्या पुस्तकावर ती म्हणाली होती, "बाईंनी पानोपानी लिहिलंय, मीठ चवीनुसार. चव आमची, मीठ आमचं, मग पुस्तक कशाला तुमचं?" पहाटे चारला उठून यशस्वी झालेल्या एका गृहस्थाच्या पुस्तकावर म्हणाली, "हे चारला उठतात तेव्हा टेबलावर चहा तयार असतो. म्हणजे घरात तीनला कुणीतरी उठलेलं आहे. मला त्या बाईचं पुस्तक वाचायचंय." युरोपच्या प्रवासवर्णनावर म्हणाली, "सात देश फिरले, पण भेटले कोण तर सोबतचे कुलकर्णी." बोलून झालं की निकाल द्यायची. विकत घ्या, वाचनालयातून न्या किंवा उशाला घ्या. तिसऱ्या निकालाला हॉल खदखदून हसायचा.

पण नुसती टिंगल ऐकायला कोण दर महिन्याला येतं? आवडलेल्या पुस्तकावर बोलताना तिचा आवाज खाली यायचा आणि लोक खुर्च्या पुढे ओढायचे. विहिरींवरचं एक विसरलेलं पुस्तक तिनं असं सांगितलं, की पेठहून आलेले दोन मास्तर वाचनालयातल्या एकुलत्या एक प्रतीवरून जिन्यात भांडले. त्या रात्री संजनाला आनंदानं झोप आली नव्हती. नोकरीत तिचं ऐकून कुणी ट्रकसुद्धा मागे घेत नव्हतं. इथं तिच्या शब्दावर माणसं पुस्तक उघडत होती. तो एक रविवार होता म्हणून बाकीचा महिना तिला सोसत होता.

आणि नेमक्या त्याच रविवारावर वाचनालयाच्या अध्यक्षांनी हात ठेवला होता.

वाचनालयाचा वार्षिक ग्रंथसन्मान यंदा नानांच्या पुस्तकाला जाहीर झाला होता. नाना म्हणजे पंचवटीतल्या जुन्या उपाध्ये घराण्यातले ऐंशीच्या घरातले गृहस्थ. भाऊबंद घाटावर यजमानांचे विधी करत राहिले, नानांनी बँकेत नोकरी केली आणि म्हातारपणी पुस्तक लिहिलं, 'अंतरीच्या घाटपायऱ्या'. चिंतनपर. प्रस्तावना अध्यक्षांची, तिच्यात पहिलंच वाक्य, 'हा ग्रंथ मी एका बैठकीत वाचून संपवला.'

"सन्मानाच्या दिवशी पुस्तकावर तुम्ही बोलायचं," अध्यक्षांनी तिला केबिनमध्ये बोलावून सांगितलं होतं. "पाच मिनिटं. तुमच्या नावानं गर्दी होते, हे आम्ही मान्य करतो. तुम्ही लोक बोलता छान."

तुम्ही लोक म्हणजे नक्की कोण, हे तिनं विचारलं नाही. विचारलं असतं तर त्यांना सांगता आलं नसतं, आणि न सांगताही तिला कळलं होतं.

"चांगलं वाटलं तर चांगलं बोलेन," ती म्हणाली.

"चांगलंच वाटेल," अध्यक्ष हसले. "नाहीतर रविवारचा हॉल योगवर्गाला द्यायची मागणी आहेच. देवव्रत, आहे ना?"

देवव्रत वाचनालयाचा कार्यवाह. एका बहुराष्ट्रीय कंपनीत मोठ्या हुद्द्यावर असलेला, स्वभावानं बरा, पण पाठीचा कणा घरी ठेवून सभेला येणारा. तो म्हणाला, "हो, म्हणजे, विचाराधीन आहे."

म्हणून संजना फ्रिजवर तोंडसुख घेत होती.

धिरडं खाऊन ती पुस्तक घेऊन बसली. पहिली चौसष्ट पानं कशी होती म्हणाल तर, गार वरणभातासारखी. वाईट नाही, पण दुसरा घास घ्यायला कारणही नाही. संयम, सत्संग, समाधान. चौसष्टाव्या पानाच्या तळाशी वाक्य होतं, 'मनुष्याने मौन धारण केले, की त्याच्या आतून एक' आणि पान संपलं. तिनं पान उलटलं. पासष्टाव्या पानावर पुढे छापलं होतं, 'हात बाहेर आला. त्याला सहा बोटं होती.'

संजनानं चष्मा पुसला. पुन्हा वाचलं. बोटं सहाच होती.

पुढे त्या हातानं कसारा घाटात एक ट्रक थांबवला, क्लीनरला खाल्लं आणि ड्रायव्हरला त्याच्या मेलेल्या पहिल्या बायकोच्या आवाजात हाक मारली. ऐंशीव्या पानापर्यंत नुसता थरार. एक्क्याऐंशीव्या पानावर पुन्हा समाधान.

"आई!" ती ओरडली. "हे बघ काय!"

विमलाबाईंनी उभ्या उभ्या दोन पानं वाचली आणि कपाळावर हात मारला. "अगं, ही तर माझी सवत!"

"तुझी?"

"माझी म्हणजे, 'कसारा घाटातली सवत'. गेल्या महिन्यात आणली नव्हती का वाचनालयातून? मस्त चालली होती. ती बाई पाळण्यात वाकून बघते, आणि पाळण्यात बाळाऐवजी," विमलाबाईंनी दम घेतला, "समाधान! समाधान हीच खरी संपत्ती, अपेक्षा सोडा, आणि काय काय. मला वाटलं, भूत सुधारलं. पण सोळा पानं सुधारलेलंच राहिलं, तेव्हा मी वाचनालयातल्या भिकनला जाऊन झापलं."

आता संजनाला उलगडा झाला. दोन्ही पुस्तकं एकाच छापखान्यात, एकाच आकारात, एकाच आठवड्यात झालेली. पुस्तक बांधतात ते सोळा सोळा पानांच्या गठ्ठ्यांनी, त्याला फर्मा म्हणतात. बाइंडरकडे पाचव्या फर्म्यांचे ढीग शेजारी शेजारी पडले असणार, आणि भूत घाटपायऱ्यांत गेलं, समाधान भुताकडे आलं. पानांचे आकडे बरोबर जुळले. नुसतं चाळणाऱ्याला जन्मात कळलं नसतं.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर ती वाचनालयात गेली. ग्रंथपाल भिकन सटाण्याकडचा, चिडला की घरच्या बोलीवर यायचा. त्यानं 'घाटपायऱ्या'च्या सगळ्या प्रती काढून पाहिल्या.

"आख्ख्या कॉपीमा भूत शे, ताई!"

"आणि सवतीबद्दल आणखी कुणाची तक्रार आली?"

"कुणाची नाय ते विचारा. आठवडाभर फोन. एक रिक्षावाला तर पुस्तक टेबलावर आपटून गेला, म्हणे माझं भूत परत द्या. प्रकाशकानं ते सगळं परत नेलं, नवं छापतोय."

"आणि घाटपायऱ्या?"

भिकननं खांदे उडवले. "तिला बक्षीस भेटलं."

संजना तशीच केबिनमध्ये शिरली आणि अध्यक्षांपुढे पासष्टावं पान उघडून ठेवलं. अध्यक्षांनी ते वाचलं. चेहऱ्यावरून काही सेकंद बरंच काही गेलं. मग त्यांनी पुस्तक मिटलं.

"ही शैली आहे."

"सहा बोटांची?"

"प्रतीक असतं, संजनाताई. आधुनिक साहित्यात अशी सरमिसळ करतात. तुमचं वाचन जरा एका पद्धतीचं आहे, म्हणून खटकलं."

"क्लीनरला खाल्लंय, सर."

"अहंकार असेल तो," अध्यक्ष म्हणाले. "पत्रिका वाटल्या गेल्यात. शाल आणलेली आहे. पाच मिनिटं छान बोला आणि रविवार ठेवा. नाहीतर योगवर्ग. आणि त्या वयस्कर माणसाचा चारचौघांत अपमान करायचा असेल तर तो तुमच्या डोक्यावर."

शेवटचं मात्र तिला लागलं. नानांनी तिचं काय वाकडं केलं होतं? म्हाताऱ्या माणसानं आयुष्याची शिदोरी सोडली, बाइंडरनं तिच्यात भूत घातलं. ती घरी आली आणि त्या दिवशी फ्रिजलासुद्धा काही बोलली नाही.

कार्यक्रमाला हॉल भरला. पुढच्या रांगेत शहरातली मान्यवर मंडळी, मागे तिची नेहमीची माणसं, मधोमध विमलाबाई, मांडीवर पिशवी घेऊन. संजना स्टेजमागच्या खोलीत पाणी प्यायला गेली, तर तिथं नाना एकटेच बसलेले. पांढरं धोतर, इस्त्रीचा कोट, हातात स्वतःचं पुस्तक.

"तुम्हीच ना बोलणार?" नाना उठायला लागले.

"बसा, नाना."

त्यांनी दाराकडे पाहिलं आणि आवाज खाली आणला. "तुम्ही वाचलंत? म्हणजे, सगळं? पासष्टावं पान?"

संजनाला खोटं बोलायला एक क्षण मिळाला होता. तो तिनं घेतला नाही. "सहा बोटं," ती म्हणाली.

नानांनी डोळे मिटले. संजनाला वाटलं, आता हा माणूस कोसळतो. पण नाना हसायला लागले. हसता हसता डोळे पुसायला लागले.

"कुणीतरी!" ते म्हणाले. "अहो, आधी मला वाटलं माझीच प्रत तेवढी बिघडली, मग सगळ्याच तशा निघाल्या. पन्नास जणांना वाटल्या होत्या. सगळ्यांचे फोन, नाना, अप्रतिम. माझा सख्खा मेहुणा म्हणाला, डोळ्यांत पाणी आलं. विचारलं कुठं, तर म्हणे, मध्यावर. मध्यावर क्लीनर मरतो हो!"

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"काय बोलू? सन्मान देणाऱ्यांना जाऊन सांगू, तुम्ही वाचलं नाही? सात वर्षं लिहीत होतो मी. वाटायचं, कुणीतरी म्हणेल, नाना, हे पटलं नाही. हे चुकलं. भांडेल कुणीतरी." त्यांनी पुस्तकावर हात फिरवला. "खरं सांगा, बाकीचं कसं वाटलं?"

"गार," संजना म्हणाली. "वरणभात. पण तुमच्या वडिलांनी परक्या यजमानासाठी रडायचं सोंग केलं आणि मग घरी येऊन खरंच रडले, ती दोन पानं आहेत ना, शंभराच्या पुढे? ती मी तीनदा वाचली. सगळं पुस्तक तसं लिहायला हवं होतं. तुम्ही उपदेश करत बसलात."

नाना खुर्चीत पुढे सरकले. "हेच," ते म्हणाले. "हेच सांगा बाहेर जाऊन. एक शब्द कमी करू नका."

"माझा रविवार जाईल, नाना."

तेवढ्यात देवव्रतनं आत डोकावून, "चला, चला," केलं.

अध्यक्षांचं भाषण झालं. ओघवती भाषा, संस्कारांचा ठेवा, दीपस्तंभ, काही म्हणून राहिलं नाही. शाल नानांच्या खांद्यावर पडली, टाळ्या झाल्या. मग संजनाला बोलावलं. माइकपर्यंत चार पावलं होती आणि तेवढ्यात तिला पेठचे ते दोन मास्तर दिसले. चौथ्या रांगेत, शेजारी शेजारी, भांडण मिटवून बसलेले. त्यांच्याशी ती आज काय बोलणार होती? दीपस्तंभ?

"नमस्कार," ती म्हणाली. "पहिली चौसष्ट पानं उशाला घ्या."

मागची माणसं हसली, पुढची रांग ताठ झाली.

"शंभराच्या पुढची दोन पानं मात्र विकत घ्या. त्या दोन पानांत नाना लेखक आहेत, बाकी ठिकाणी पाहुणे आहेत. हे मी त्यांना आत सांगून आले. आता मधल्या सोळा पानांचं सांगते. ती या पुस्तकातली सगळ्यात वेगवान पानं आहेत, फक्त ती नानांची नाहीत."

"वेळ झाली, संजनाताई," अध्यक्ष खुर्चीतून म्हणाले.

"दोनच मिनिटं झालीत," हॉलमधून विमलाबाईंचा शाळेतला आवाज आला. "मी घड्याळ लावलंय."

"देवव्रत, माइक बंद करा."

देवव्रत वायरकडे गेला, तिथं उभा राहिला आणि वायरीकडे असा बघत राहिला की जणू पहिल्यांदाच वायर बघतोय. अध्यक्ष स्वतः उठले. "पुढच्या महिन्यापासून रविवारचा हा कार्यक्रम बंद करण्यात येत आहे," त्यांनी माइकशिवायच जाहीर केलं. "संस्थेची काही एक शिस्त असते."

हॉलमध्ये कुजबुज उठली. संजनाचा रविवार गेला. वाईट वाटणारच होतं, ती काही दगडाची नव्हती. पण तोंड तिचं स्वतःचं होतं, आणि माइक अजून चालू होता.

"घ्या रविवार," ती म्हणाली. "हॉल तुमचा, खुर्च्या तुमच्या, योगवर्ग आणा नाहीतर घोडे बांधा. मला एकच विचारायचंय. प्रस्तावनेत तुम्ही लिहिलंय, हा ग्रंथ एका बैठकीत वाचून संपवला. पान मी परवा केबिनमध्ये दाखवलं, म्हणून पासष्टाव्याचं विचारत नाही. ते तुम्हाला मी शिकवलंय. एक्क्याऐंशीवं सांगा. भूत संपतं आणि नाना पुन्हा सुरू होतात, तिथं ते कशाबद्दल बोलतात?"

अध्यक्षांनी हात मागे बांधले, सोडले, पुन्हा बांधले. पुढच्या रांगेतल्या मान्यवरांनी आपापल्या पत्रिका उघडून वाचायला घेतल्या. बहुतेक पहिल्यांदाच.

तेवढ्यात नाना उठले. खांद्यावरची शाल त्यांनी काढली, नीट घडी करून अध्यक्षांच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवली आणि संजनाच्या शेजारी माइकपाशी येऊन उभे राहिले.

"मी लिहिलंय ते," ते म्हणाले, "आणि मला ऐकायचंय. घाई नाही. एक्क्याऐंशीव्याचं राहू द्या. तुम्हाला आठवेल तिथलं, कुठलंही एक पान सांगा, साहेब. काय आहे माझ्या पुस्तकात?"