नेप्ताली गावाला निघाला

वर्षाचा शेवटचा दिवस आणि ग्वायाकिलच्या बसस्टँडवर सोराईदाची कंडक्टरशी जुंपलेली. तिच्या काखेत लाकडाच्या भुशाने भरलेला माणसाएवढा बाहुला. अंगात निळा चौकटीचा शर्ट, डोक्यावर गवताची टोपी.

"मावशी, हे ध्यान टपावर टाका," कंडक्टर विल्मर म्हणाला.

"टपावर तुझ्या बापाला बसव! आभाळ भरून आलंय, दिसत नाही? तिकीट काढलंय मी त्याचं. खिडकीजवळची जागा आहे."

"पोटात फटाके तर नाहीत ना?"

"जिवंतपणी फुटला तेवढा पुरे."

मागची रांग हसली. जुनं वर्ष म्हणून त्या रात्री घरोघरी असे बाहुले जाळतात, तेव्हा बाहुल्याचं कुणाला नवल नव्हतं. पण हे कपडे सोराईदाच्या नवऱ्याचे होते. नेप्ताली दर डिसेंबरला म्हणायचा, "पुढच्या वर्षी जुनं वर्ष आईच्या अंगणात जाळू. नक्की!" आणि यंदा एप्रिलमध्ये गेलाच. पाय अधू झालेल्या म्हातारीला लेकाच्या मातीलाही येता आलं नव्हतं. तेव्हाच सोराईदाने खूणगाठ बांधली: ह्या वर्षी ह्याला आईच्या अंगणात पोचवायचंच, धडधाकट. आणि पोचेपर्यंत टिपूस गाळायचं नाही. रडत बसलेल्या बाईच्या हातून एक काम धड होत नाही, असं तिचं ठाम मत होतं.

वाटेत ती केळ्याचे वेफर्स घ्यायला दारापर्यंत गेली, तेवढ्यात थोडी घेतलेले एक आजोबा तिच्या जागेवर टेकले.

"पाऊस येईलसं वाटतं, नाही?" त्यांनी नेप्तालीला विचारलं. उत्तर नाही. "कुठवर जाणार आपण?" उत्तर नाही. सोराईदा परतली तर आजोबा तणतणत उठले. "बाई, तुमचा नवरा भलताच शिष्ट आहे हो!"

"जन्मभर तेच सांगतेय मी त्याला. ऐकेल तर शपथ!"

अख्खी बस खिदळली. पलीकडच्या बाईने नेप्तालीच्या मांडीवर भाजलेले शेंगदाणे ठेवले. भुकेला असेल बिचारा, म्हणाली. सोराईदाने ओठ घट्ट मिटले आणि टोपी सरळ केली.

गाव हाकेच्या अंतरावर आलं आणि बस थांबली. रस्त्यात दोर आडवा. आणि दोरापाशी विधवा! म्हणजे गावातलेच मिशाळ बाप्ये, काळे झगे घालून, ओठ रंगवून. जुनं वर्ष मेलं म्हणून गळा काढायचा आणि गाड्या अडवून चिल्लर उकळायची, हा त्यांचा दर वर्षीचा उच्छाद. त्यातला एक धिप्पाड बाप्या आत चढला.

"धनी गेला गं माझा! दारूला, आपलं, दुधाला द्या हो काहीतरी!" तेवढ्यात त्याला बाहुला दिसला. "अगं बाई, हा इथं! मला टाकून हिच्याबरोबर पळालास होय रे?"

"हात लावू नकोस. भुसा सांडेल," सोराईदा ओरडली.

पण त्याने टोपी उचललीच होती. आतल्या काठाला लाल दोऱ्याचा टाका होता. तो बघून त्याचं रडगाणं मध्येच बंद पडलं.

"ही नेप्तालीची टोपी. त्याच्या आईचा टाका आहे हा," तो म्हणाला. "वहिनी? मी फाउस्तो. नदीत पोहायला शिकवलं त्याने मला."

आणि तो बाप्या झग्यासकट बसमध्येच फतकल मारून बसला आणि हमसून हमसून रडायला लागला. काजळ मिशीपर्यंत ओघळलं.

"अरे मेल्या, खरी विधवा मी, आणि रडतोयस तू!" सोराईदाला हसू फुटलं. हसता हसता तिचाही बांध फुटला. एप्रिलपासून साठवलेलं सगळं बाहेर आलं. अंगणापर्यंतचा निश्चय वेशीवरच मोडला. मोडू दे, वेस तरी त्याच्याच गावची होती.

"दोर सोडा रे!" फाउस्तो नाक पुसत ओरडला. "नेप्ताली आलाय!"

सगळ्या विधवांनी मिळून त्याला खांद्यावर घेतलं आणि उंच टाचांवर धडपडत अंगणात आणलं. सोराईदा पुढे, "सांभाळून रे, सांभाळून," करत. म्हातारीने बाहुल्याच्या शर्टाची कॉलर चाचपली, सरळ केली, नाकाशी नेली.

"आई, बाराला जाळायचाय त्याला," सोराईदा हलकेच म्हणाली.

"जाळू की. जाऊ दे सुखानं." म्हातारीने त्याची टोपी नीट बसवली. "पण आधी ताट वाढ त्याचं. घरी आलेल्या लेकाला उपाशी कसा पाठवू?"