विहिणीची फ्रेंच पंगत

आर्वीच्या आनंदाबाईंना आयुष्यात कुणी उपाशी उठवलं नव्हतं. तो मान पुण्याच्या प्रमिलाबाईंनी मिळवला, आणि तोही चांगल्या सढळ हातानं खर्च करून.

आनंदाबाईंच्या लेकीचं, समीक्षाचं, साक्षगंध झालं होतं, म्हणजे साखरपुडा. मुलगा रजत, पुण्यात कंपनीत. बस्ता बांधायला आनंदाबाई आणि त्यांचे यजमान रूपराव पुण्याला गेले, तेव्हा होणाऱ्या विहीणबाई, म्हणजे रजतची आई प्रमिलाबाई, त्यांना कोरेगाव पार्कात जेवायला घेऊन गेल्या. तिथल्या एका गल्लीत ओळीनं तीन फ्रेंच हॉटेलं होती. तिन्हींच्या पाट्यांवर अक्षरं भरपूर, पण वाचताना त्यातली निम्मी खायची असतात, असं प्रमिलाबाईंनी समजावलं. त्यातल्या एकात गेल्यावर रूपरावांच्या लक्षात आलं, की इथं पोट भरायचा तेवढाच एक मार्ग आहे.

आधी पाव आला. मग कांद्याचं गरम पाणी आलं. मग बऱ्याच वेळानं परातीएवढी पांढरी ताटली आली. तिच्या मधोमध वांग्याच्या चार चकत्या एकमेकींच्या अंगावर रेलून बसल्या होत्या आणि वर कसल्याशा पाल्याचं एक पान होतं. रूपरावांनी ते पान उचलून खाली काही आहे का, ते बघितलं. चकत्या मात्र चवीला झकास होत्या. आनंदाबाईंनी त्या मन लावून खाल्ल्या आणि वेटरला सरळपणानं विचारलं, “आखीन हाय का?”

आर्वीकडे हा प्रश्न म्हणजे रांधणाऱ्याला दिलेलं प्रशस्तिपत्र. ज्याला तो विचारला जातो, तो चार दिवस गावभर सांगत फिरतो. वेटरनं प्रमिलाबाईंकडे पाहिलं. प्रमिलाबाई हसल्या.

“ताई, फ्रेंच जेवणात दुसऱ्यांदा वाढत नाहीत. हे जेवण भुकेसाठी नसतं, अनुभवासाठी असतं.”

मग वेटरकडे वळून त्या इंग्रजीत म्हणाल्या, की मनावर घेऊ नका, मंडळी खेड्यातली आहेत, यांना ढीग लागतो. आनंदाबाई रूपरावांच्या कृषी केंद्रात गल्ल्यावर बसत. त्यांचं इंग्रजी कीटकनाशकांच्या डब्यांवर वाढलेलं, त्यामुळे विष कुठं आहे ते त्यांना चटकन कळे.

बोलून मोकळं होणं हा सुडाचा अपव्यय आहे, असं त्यांचं मत होतं. शिवाय प्रमिलाबाईंचं माहेर आर्वीजवळच्याच पुलगावचं, वडिलांचं तिथं किराणा दुकान, हे त्यांना ठाऊक होतं. लग्न होऊन पुण्याला जाताना प्रमिलाबाईंनी पुलगाव गाडीतच कुठंतरी सोडलं होतं आणि त्यानंतर त्याची कधी चौकशी केली नव्हती.

गोष्ट तिथं संपती, तर आनंदाबाईंनी कदाचित सोडूनही दिली असती. पण प्रमिलाबाईंनी तो किस्सा साड्यांच्या दुकानात सांगितला, मग भिशीत सांगितला, मग घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. त्या घरात आनंदाबाईंचं नावच पडलं, ‘आखीन हाय का’. एका संध्याकाळी रजतशी फोनवर बोलता बोलता समीक्षाला त्याच्या मागून आवाज आला. त्याची काकू विचारत होती, “कुणाशी बोलतोयस? ‘आखीन हाय का’च्या मुलीशी का?” समीक्षा ते आईला सांगताना हसली, पण ते हसू ओठापुढं गेलं नाही.

आनंदाबाईंनी त्या दिवशी कुलदैवताला दिवा लावला आणि मागणं मागितलं. लग्न निर्विघ्न पार पडो, असं बहुतेक आया मागतात. ते त्यांनी रूपरावांवर सोपवलं. स्वतः मागितलं ते असं : या बाईनं माझ्या मांडवात, तिच्याच सगळ्या गोतावळ्यासमोर, तेच तीन शब्द मला म्हटले पाहिजेत. नाहीतर माझी पोर ते नाव घेऊन त्या घरात जन्म काढील.

लग्नाच्या दुसऱ्या दिवशी विहिणीची पंगत होती. या पंगतीत विहीण पहिल्या पाटावर बसते आणि मुलीची आई तिला स्वतः वाढते. विहिणीनं हात धुतल्याशिवाय पंगत उठत नाही. विहीण कधी मागत नाही, तिला आग्रह करायचा असतो. तिनं मागितलं, की ती हरली.

रांगोळ्या काढल्या, उदबत्त्या लागल्या. वरपक्षाच्या बायका बसल्या आणि त्यांच्या पानांत बेसनवड्यांचा म्हणजे पाटोडीचा रस्सा, तर्रीवालं वांगं, कढी, भजी, तुपात बुडवलेली पुरणपोळी असं एकामागून एक पडू लागलं. प्रमिलाबाईंपुढं मात्र परातीएवढी एक पांढरी ताटली आली. आनंदाबाईंनी ती नागपूरहून मुद्दाम मागवली होती. ताटली घेऊन आला तो त्यांचा धाकटा भाऊ तानबा, आर्वी डेपोचा निवृत्त कंडक्टर. एका हातावर पांढरा टॉवेल टाकून तो चालत्या गाडीत उभा असल्यासारखा पाय फाकवून उभा राहिला.

ताटलीत बोटाएवढा भाजलेला पापड होता. बाजूला ठेच्याचा एक ओघळ.

“उडदाचा पापड,” तानबा म्हणाला. “आमच्या बहिणीच्या गच्चीवर वाळला. आधी नाकानं घ्याचा, मंग तोंडानं.”

“तुमच्या सवयीचं केलं, इहीनबाई,” आनंदाबाई हात जोडून म्हणाल्या. “आमच्या जेवनानं तुमचं पोट जड होऊ नये.”

पंगतीत कौतुकाची कुजबुज झाली. विहिणीसाठी एवढं कुणी करतं का? रजतच्या काकूनं, म्हणजे प्रमिलाबाईंच्या जावेनं, मोबाइल काढून चित्रण सुरू केलं.

प्रमिलाबाईंना सगळं पहिल्या घासाला कळलं. पण त्या कच्च्या नव्हत्या. त्यांनी पापडाचे दोन तुकडे केले, एक खाल्ला, डोळे मिटले आणि म्हणाल्या, “किती हलकं!” मग औषधाच्या टोपणाएवढ्या वाटीत रस्सा आला. त्यात पाटोडीचा एक कोपरा पोहत होता. “अप्रतिम,” प्रमिलाबाई म्हणाल्या. मग वांग्याची एकच फोड आली, डोक्यावर कोथिंबिरीचं पान. तानबानं सांगितलं, की हे वांगं शेजारच्या शेतातलं आहे आणि शांत स्वभावाचं आहे. प्रमिलाबाईंनी ती फोड चार घासांत पुरवली आणि म्हणाल्या, की पुण्यातही हे जमत नाही.

डाव्या बाजूला जाऊबाई तिसऱ्या पुरणपोळीवर होत्या. तूप त्यांच्या कोपरापर्यंत आलं होतं.

पंगत निम्म्यावर आली, मग निम्म्याच्या पुढं गेली. प्रमिलाबाई ताठ बसून होत्या. आनंदाबाईंनी भटारखान्यात जाऊन उरलेली पातेली मोजली. ही अशीच हात धुऊन उठली, तर सगळी मेहनत पाण्यात आणि वर ‘आखीन हाय का’च्या घरी फ्रेंच जेवण झाल्याचा नवा किस्सा पुण्याला. रूपराव भटारखान्याच्या दाराशी आले आणि दबक्या आवाजात म्हणाले, “पुरे कर व आता. पोरगी नांदाची हाय आपली त्या घरी.”

“म्हनूनच तं करून राह्यली,” आनंदाबाई म्हणाल्या आणि गोळाभाताचं पातेलं उघडलं.

डाळीचे भिजके, मसालेदार गोळे मोकळ्या भातात शिजलेले. पानावर गोळा कुस्करायचा आणि वरून लसूण-मिरचीचं कडकडीत तेल घ्यायचं. आनंदाबाईंनी ताटलीत मूठभर भात ठेवला, त्यावर बोराएवढा एक गोळा ठेवला आणि स्वतः पळीनं तेल सोडलं. चर्रर्र आवाज झाला. वास थेट प्रमिलाबाईंच्या नाकात गेला आणि तिथून, असं म्हणायला हरकत नाही, पुलगावला.

त्यांनी चमचा बाजूला ठेवला. पाच बोटांनी गोळा कुस्करला. पहिल्या घासाला त्यांच्या मानेचा ताठा गेला, दुसऱ्याला भात संपला. मग त्यांनी ताटलीवरून बोट फिरवलं, तेल चाटलं आणि मान वर न करता, तीस वर्षं न वापरलेल्या आवाजात विचारलं, “आखीन हाय का व?”

जाऊबाईंचा मोबाइल चालूच होता.

आनंदाबाईंनी घाई केली नाही. पळी पातेल्याच्या काठाला टेकवली, पदर सारखा केला आणि गोड आवाजात म्हणाल्या, “इहीनबाई, फ्रेंच जेवनात दुसऱ्यांदा वाढत नाईत.”

प्रमिलाबाईंनी मान वर केली. तानबानं टॉवेल या हातावरून त्या हातावर घेतला. मग जाऊबाई फिसकन हसल्या, त्यांच्या शेजारची हसली, आणि ते हसू पंगतभर असं पसरलं, की भटारखान्यातून आचारी बघायला आले.

“पन हा मांडव आर्वीचा हाय,” आनंदाबाई म्हणाल्या आणि त्यांनी डाव भरला.

आता सुरू झाला तो आग्रह. विहिणीच्या पानात पडलेलं टाकता येत नाही. भात पडला, गोळे पडले, तेल पडलं, पुरणपोळी, तिच्यावर तूप, तुपावर पुरणपोळी. प्रमिलाबाई “बस” म्हणत होत्या. आर्वीत ‘बस’ म्हणजे अर्धं झालं, असं समजतात. शेवटी तानबानं बस थांबवण्याची एका टोल्याची घंटा ताटलीवर वाजवली, तेव्हा कुठं आनंदाबाई थांबल्या. प्रमिलाबाईंना गाडीपर्यंत दोन बायकांनी धरून न्यावं लागलं.

महिन्याभरानं समीक्षाचा फोन आला. त्या चित्रणाचं काय झालं, हे आनंदाबाईंनी आधी विचारलं. ते ग्रुपवर अजून फिरत होतं. काकू आता सासूबाईंनाच ‘आखीन हाय का’ म्हणत होत्या, आणि आईचं नाव त्या घरात आता कुणी चेष्टेनं घेत नव्हतं. घेतलं तर ‘आनंदाताई’ असं पूर्ण घेत होते.

“अन् आई, सासूबाई म्हनून राह्यल्या का गोळाभात शिकव म्हनून. शिकवू का?”

गल्ल्यासमोर गिऱ्हाईक उभं होतं, त्याला आनंदाबाईंनी हातानंच थांबवलं.

“शिकवजो नं. सासू हाय तुयी,” त्या म्हणाल्या. “पन एका दिवशी एकच गोळा.”