बाईंचा हात

चारकोपच्या औद्योगिक वसाहतीतला औषधांची खोकी छापणारा तो कारखाना शर्मिष्ठाबाईंनी वैधव्याच्या पहिल्याच वर्षी ताब्यात घेतला आणि तेव्हाच तिथे एक रीत पडली. रचलेल्या मालाच्या वरच्या गठ्ठ्यावर बाईंनी तळवा टेकवायचा, ‘निघा’ म्हणायचं; मगच टेम्पोचं दार लागायचं. रीत पडायला कारणही तसंच होतं. एकदा खोकल्याच्या औषधाच्या खोक्यांत पोटाच्या औषधाची खोकी मिसळून गेली होती आणि सबंध माल नामुष्कीसह परत आला होता. त्यानंतर बाईंच्या हाताखालून गेल्याशिवाय एक कागद बाहेर पडला नाही.

पुढे गुडघ्यांनी जिन्याशी वैर धरलं. तेव्हा कारखान्याला सॉफ्टवेअर पुरवणाऱ्या भीमराजने त्यात या रीतीसाठी एक बटण बसवून दिलं आणि त्यावर ठसठशीत मराठीत लिहिलं, ‘बाईंचा हात’. प्रत्येक मालाची एक लाल ओळ पडद्यावर दिसे. बाईंनी बटण दाबलं की ती हिरवी होई. भीमराजची आई शेवंती याच कारखान्यात खोकी चिकटवायची. मुलगा शिकला, गोवंडीत स्वतःची छोटी कंपनी काढून बसला, आणि त्याचं पहिलं गिऱ्हाईक म्हणजे बाई.

आता बाईंचा मुलगा नंदकिशोर परदेशी सॉफ्टवेअरच्या मागे लागला होता. मोठी गिऱ्हाइकं सॉफ्टवेअरचं नाव विचारतात, म्हणे. त्या सॉफ्टवेअरमध्ये सगळं होतं; बाईंचं बटण मात्र नव्हतं. बटण गेलं तर रोज सकाळी या खुर्चीत येऊन आपण करायचं काय, हा प्रश्न बाईंनी कुणाजवळ उच्चारला नव्हता. निकाल त्यांनी मनात आधीच लावून टाकला होता. तरी मुलाचा शब्द खाली पडू नये म्हणून त्यांनी दोन्ही पक्षांना समोर बसवलं होतं.

परदेशी कंपनीकडून स्वरदा नावाची चुणचुणीत मुलगी आली होती. तासभर चित्रं दाखवून झाल्यावर तिने विचारलं, “मॅडम, सिस्टिममध्ये तुमचा रोल काय टाकू? सरांनी ‘फक्त पाहणे’ असं कळवलंय.”

“पाहायला मी काय राणीच्या बागेत आलेय?” बाई म्हणाल्या.

भीमराज खाली मान घालून हसला. नंदकिशोर हसला नाही.

“इकडे ये, मुली,” बाईंनी स्वरदाला आपल्या पडद्याशी बोलावलं. “ही लाल ओळ बघ. मुलुंडच्या गोदामाचा माल आहे. तुला दाखवायचं म्हणून मुद्दाम ठेवलाय. खाली भरून तयार आहे, पण मी हे दाबीपर्यंत तसूभर हलायचा नाही. तुमच्या साहेबांच्या सिस्टिममध्ये आहे असं काही?”

“आई, राहू दे ना ते आत्ता,” नंदकिशोर घाईने म्हणाला.

“का राहू दे?”

तेवढ्यात बाईंचा फोन वाजला. मुलुंडच्या गोदामाचे नाना. त्यांचा आवाज असा खणखणीत की फोन कानाला लावायचं कारणच पडत नसे.

“वहिनी, माल उतरला बरं का! या खेपेला बांधणी एकदम झकास. कळवावं म्हटलं.”

“बरं झालं, नाना,” बाई म्हणाल्या आणि त्यांनी फोन टेबलावर पालथा ठेवला.

पडद्यावरची ओळ लालच होती.

“भीमराज, हे बटण काय करतं?”

तो उभा राहिला. “रंग बदलतं, बाई.”

“आणखी?”

“आणखी काही नाही.”

“पहिल्यापासून?”

“नाही, बाई. आधी खरंच अडवायचं. तुम्ही गुडघ्यांच्या ऑपरेशनला गेलात तेव्हा नंदूदादा म्हणाले, अडवणं काढ. मी काढलं. तुम्ही परत आलात, पहिल्याच दिवशी खुर्चीत बसून बटण दाबलंत... मग कुणाच्याच तोंडून निघेना.”

“गाड्या उभ्या राहिल्या असत्या गं,” नंदकिशोर म्हणाला. “वाट लागली असती. तुला दुखवायचं नव्हतं.”

ऑपरेशनला दोन दिवाळ्या उलटून गेल्या होत्या. बाई रागाची वाट पाहत राहिल्या. त्यांचा राग सगळ्या वसाहतीला ठाऊक होता. आज तो फिरकलाच नाही. दात काढताना सुई टोचली की आपलाच गाल जिभेला परका लागतो, तसं त्यांना सगळं शरीर लागत होतं.

“एवढ्या दिवसांत कधी चुकीचा माल गेला?”

“नाही.”

“परत आला?”

“एकदाही नाही, आई.”

एकदा तरी आला असता तर बरं झालं असतं, असं त्यांना वाटून गेलं. मालकिणीला न शोभणारा तो विचार त्यांनी तसाच जाऊ दिला.

स्वरदा हलकेच म्हणाली, “मॅडम, आमच्याकडे तुम्हाला मंजुरीचा रोल देता येईल. मग खरंच थांबतं. तुम्ही ओके म्हटल्याशिवाय गेटपास निघणार नाही.”

“आणि मी अंथरूण धरलं तर?”

“तुमच्या जागी दुसरं कुणीतरी नेमता येतं.”

“येतंच,” बाई म्हणाल्या. “मुली, तुझ्या मालात खोट नाही. तुझ्या मंजुरीने माल अडेल, आणि अडलेला पाहून मला बरं वाटेल. पण म्हातारीला बरं वाटावं म्हणून कारखाने चालवायचे नसतात. नंदू, दोन दिवाळ्या माल बिनचूक गेला तो भीमराजच्या सॉफ्टवेअरवर. तेच राहील.”

स्वरदाने लॅपटॉप बंद केला.

“भीमराज, ते बटण काढ.”

“असू द्या की, बाई. कुणाचं काय अडतंय त्याने?”

“तेच म्हणते मी. बस इथे आणि काढ.”

बाई खुर्चीतून उठल्या आणि भीमराज त्या खुर्चीच्या अगदी कडेला टेकला. चहा आला, त्यावर साय धरेपर्यंत त्याचं काम संपलंही. पडद्यावर बटणाची जागा रिकामी दिसेल, अशी बाईंची अपेक्षा होती. शेजारचे रकाने सरकून आले होते. तिथे कधी काही होतं, हे नव्या माणसाला सांगूनही पटलं नसतं.

“झालं, बाई.”

“शेवंतीला नमस्कार सांग.”

सगळे निघाले. नंदकिशोर दारात घोटाळला. “आई, उद्या येशील ना?”

“गाडी नेहमीच्या वेळेला पाठव,” बाई म्हणाल्या.

खाली दहिसरचा माल भरत होते. टेम्पोचं दार लागल्याचा आवाज आला. बाईंनी उजव्या हाताने चहाचा कप जवळ ओढला आणि तो गार झाल्याचं त्यांना बऱ्याच वेळाने कळलं.