दोघींची जळजळ

रीनाला दिवस गेले आणि गुढियारीतल्या त्या घरात संडासाला एकदम मान आला. तोवर तो मागच्या अंगणाच्या टोकाला, पत्र्याच्या दाराआड, सगळ्यांच्या शिव्या खात उभा होता. रीनाच्या नवऱ्याने, विकीने, मिस्त्री बोलावला, आपल्या खोलीला लागूनच कमोड बसवून घेतलं आणि बोळात दिवा लावला. त्याचे वडील हिरालाल रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झालेले. ते खुर्ची टाकून काम करवून घेत होते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होते, "पोट्टीले रात्री-बेरात्री अंगणात काहून पाठवायचं?"

विकीची आई अंजनाबाई मिस्त्र्याला चहा देत होती. गेलं वर्षभर ती रात्रीतून कितीदा तरी हातात टॉर्च घेऊन त्याच अंगणातून जात-येत होती. दाराची कडी वाजली की नवरा कूस बदलायचा आणि म्हणायचा, "पुन्हा?" एवढंच.

तिची पाळी जाऊन दोनेक वर्षं झाली होती. आधी अंगातून वाफा निघायच्या, त्या कमी झाल्या आणि हे सुरू झालं. लघवीला लागलं की दम निघायचा नाही. पळत जावं तर चार थेंब, आणि त्या चार थेंबांना मिरची लावल्यासारखी आग. उठून चूळ भरेपर्यंत पुन्हा तेच. मग तिने पाणी पिणंच कमी केलं. पाणी तोडलं तसं पोट साफ होईना. सकाळी आत जाऊन बसली की पाच मिनिटांत विकीचा आवाज यायचा, "आई, और कितना टाइम? मेरी बस निकल जाएगी!" आणि यायचं ते परत फिरायचं. दिवसभर ओटीपोटात दगड घेऊन ती भाकरी थापायची.

दोनदा ती रेल्वे पुलापलीकडच्या मेडिकलमध्ये गेली होती. गिऱ्हाईक कमी होईपर्यंत बाजूला उभी राहिली आणि मग हळूच म्हणाली, "भैया, पेशाब में जलन होती है." त्याने वर न बघता गोळ्यांची पट्टी दिली. दोन दिवसांत आग थांबली, पण पोट असं ढिलं झालं की तिने उरलेल्या गोळ्या डब्यात टाकून दिल्या. महिनाभराने पुन्हा पहिले पाढे पंचावन्न. तिची आई म्हणायची, पाळी गेली की अंगातली आग अशीच कुठून ना कुठून बाहेर पडते, बाईने ती सोसायची. अंजनाबाई सोसत होती. घरात कोणाजवळ अवाक्षर काढलं नव्हतं. नवऱ्याला काय सांगणार आणि मुलाला तरी कसं सांगणार?

आता त्याच घरात दुसरी बाई उठू-बसू लागली. एकदा सगळे जेवायला बसले असताना रीना ताटावरून उठली. हिरालाल हसले. "नातू दाबून राहिला वाटते!" विकीही लाजत हसला. रीना परत आली तशी अंजनाबाईला घाई झाली. ती उठली तर नवऱ्याच्या कपाळाला आठी. "जेवताना तरी बसत जाय वं एका जागी."

ती जाऊन आली. तिच्या ताटातलं वरण थंडगार झालं होतं. तिने ते भातावर ओतून निमूट खाल्लं.

रीनावर तिचा राग नव्हता. पोर गुणाची होती. माहेर राजनांदगावचं, मराठी सगळी कळायची, पण बोलायची हिंदीत. सासूच्या हातची मुनग्याची, म्हणजे शेवग्याची, भाजी तिला आवडायची म्हणून अंजनाबाई आठवड्यातून दोनदा करायची. पण बोळातला दिवा लागलेला दिसला की तिच्या मनात काहीतरी टोचायचं, हे मात्र खरं.

मे महिना होता. रीनाला सहावा लागला होता. सकाळचं काम आटोपून ती स्वयंपाकघरात आली, दाराकडे एकदा बघून घेतलं आणि हळू आवाजात म्हणाली, "मम्मी, पेशाब में बहुत जलन हो रही है. कल से."

मुनग्याच्या शेंगा सोलता सोलता अंजनाबाईचा हात थांबला. वर्षभरात जे शब्द तिच्या तोंडून या घरात निघाले नव्हते, ते ही मुलगी सहज बोलून गेली होती. त्या क्षणी ती म्हणू शकली असती, बाई गं, मलेही होते. तोंडापर्यंत आलंही होतं.

"होते तसं," ती म्हणाली. "बाईच्या जातीले होतेच. धने भिजवून पाणी पी."

"डॉक्टर को दिखा दूँ क्या? विकी को बोलूँ?"

"एवढ्यासाठी डॉक्टर? तुही तपासणी आहेच ना पुढच्या हप्त्यात. तेव्हा सांग. आणि घरभर बोंबलू नको, तुहे सासरे आहेत बाहेर."

रीनाने मान हलवली. "हव," म्हणाली आणि गेली.

अंजनाबाईने खरंच मनापासून सांगितलं होतं. तिला ठाऊक होतं तेच तिने सांगितलं. पण त्याच्या बुडाशी एक बारीकसा विचारही होता: मी वर्षभर सोसलं, आणि हिला एका दिवसात डॉक्टर पाहिजे! डासासारखा तो आला आणि तिने तो हाकलला. पण आला होता.

तिसऱ्या दिवशी रीनाला ताप चढला. बाहेर ऊन असं की अंगणातल्या फरशीवर पाय ठरत नव्हता. लू लागली असेल म्हणून अंजनाबाईने कैरीचं पन्हं दिलं, तळपायांना कांदा चोळला. रीना कंबर धरून बसली होती. "मम्मी, पीछे बहुत दर्द है." विकी सिलतराच्या कारखान्यात डबल ड्यूटीवर होता. संध्याकाळी ताप जरा उतरला, म्हणून सगळ्यांना हायसं वाटलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी कूलरसमोर पडलेली रीना दोन चादरी अंगावर घेऊन कुडकुडू लागली. दात वाजत होते. आणि मग तिने पोटावर हात ठेवला, डोळे मोठे केले आणि म्हणाली, "मम्मी, पेट कड़ा हो रहा है. बार-बार."

अंजनाबाई दाराकडे धावली. "अहो, ऑटो आणा! आत्ताच्या आत्ता आणा!" ती ओरडली. हिरालाल तसेच बनियनवर धावले.

मोठ्या दवाखान्यात नेईपर्यंत उशीर झाला होता. मुलगी झाली. हाताच्या ओंजळीत मावेल एवढी. दिवस मावळेपर्यंत तिचा श्वास चालला आणि मग थांबला. विकी कारखान्याच्या कपड्यांतच आला होता. त्याने तिला एकदाच हातात घेतलं.

डॉक्टरीणबाई मध्यम वयाच्या, थकलेल्या चेहऱ्याच्या होत्या. पलंगाशी येऊन त्यांनी रीनाला हळूच विचारलं, "पेशाब का इन्फेक्शन किडनी तक गया था. जलन तो हुई होगी?"

"हाँ."

"कब से?"

"चार-पाँच दिन."

"किसी को बताया नहीं?"

पलंगाच्या पायथ्याशी अंजनाबाई उभी होती, शेजारी विकी आणि हिरालाल. रीनाने डोळे उचलून सासूकडे पाहिलं. ते डोळे कोरडे होते. अंजनाबाईला वाटलं, आता जमीन दुभंगावी.

"नहीं," रीना म्हणाली. "मैंने सोचा, ऐसा तो होता ही है."

विकीने कपाळावर हात मारून घेतला. "पगली, मुझे तो बोलती!"

रीनाने तोंड भिंतीकडे वळवलं.

वॉर्डात बाईमाणूस लागतं म्हणून अंजनाबाई राहिली. सुनेचे केस विंचरले, पेज भरवली, कपडे बदलले. दूध दाटून आलेल्या छातीला पट्टा बांधला. रीना सगळं करू देत होती. आणि या सगळ्यातही अंजनाबाईचं दुखणं काही गप्प बसत नव्हतं. वॉर्डाच्या टोकाला असलेल्या, ओल्या, वास मारणाऱ्या संडासात ती पुन्हा पुन्हा जायची, दाताखाली पदर धरून बसायची आणि परत यायची. तिथे तिला पहिल्यांदा वाटलं की ही आग बरोबरच आहे, आपल्याला व्हायलाच पाहिजे.

दवाखान्यातून सुटी मिळण्याच्या दिवशी डॉक्टरीणबाई कागद लिहून वळल्या, तशी रीना म्हणाली, "मैडम, मम्मी को भी देख लीजिए. इनको भी जलन होती है. बहुत दिन से."

अंजनाबाई थक्क झाली. "तुले कसं माहीत?"

"आपकी टॉर्च रोज़ दिखती थी खिड़की से," रीना म्हणाली. तिच्या आवाजात माया नव्हती आणि रागही नव्हता.

तपासणीच्या पडद्यामागे डॉक्टरीणबाईंनी सगळं विचारलं. लघवीचं, पोटाचं, कोरडेपणाचं. नवऱ्याजवळ जाणं का बंद झालं तेही. इतकं सगळं तिला जन्मात कोणी विचारलं नव्हतं. मग त्यांनी समजावलं: पाळी बंद झाल्यावर अंगातलं एक द्रव्य कमी होतं, खालची कातडी पातळ आणि कोरडी पडते, म्हणून पुन्हा पुन्हा जंतू धरतात. पोट साफ नसलं की त्यात भर. पाणी तोडणं तर सगळ्यात वाईट. लघवीची तपासणी, गोळ्या पूर्ण संपेपर्यंत, आत लावायचं एक मलम आणि पोटाला इसबगोल.

"इतनी-सी बात थी, अम्मा. साल भर क्यों सहा?"

अंजनाबाई रडायला लागली. डॉक्टरीणबाईंना वाटलं, दुखण्याने रडते. त्यांनी खांद्यावर थोपटलं. तिने त्या धन्याच्या पाण्याचं सांगायला तोंड उघडलं होतं, पण पडद्यापलीकडे विकी पिशव्या भरत होता.

रीना महिनाभर माहेरी राहिली. अंजनाबाई मलम लावत होती, तांब्याने पाणी पीत होती. हिरालाल एक दिवस खाली बघत म्हणाले, "अंगणात काहून जातं आता? आतलं वापर. कोण आहे दुसरं." ती आतलं वापरू लागली. तिथे तिला कोणी हाका मारत नव्हतं. पोट हळूहळू रुळावर आलं. आग कमी होत गेली, आणि एका सकाळी डोळे उघडले तेव्हा उजाडलेलं होतं. रात्रभर ती एकदाही उठली नव्हती. अंग पिसासारखं हलकं वाटलं. त्या हलकेपणाचा अर्थ ध्यानात आला तशी तिने उशी तोंडावर दाबून धरली. हे सुख तिला त्या ओंजळीएवढ्या पोरीच्या जिवावर मिळालं होतं.

रीना परतली. वाळली होती, पण कामाला लागली. दोन-चार दिवस जाऊ देऊन, घरात कोणी नाही असं बघून अंजनाबाई तिच्याजवळ जाऊन बसली.

"रीना, त्या दिवशी तू मले सांगतलं होतं… मी विकीले सांगून टाकतो सगळं. तू काहून झाकलं?"

रीना तांदूळ निवडत होती. ती निवडतच राहिली. "बोलकर क्या होता? वो आपसे बात करना बंद कर देते. और क्या मिलता?"

"मले माफ कर बाई."

"रहने दीजिए, मम्मी." तिने खडा बाजूला टाकला. "आपने जान के नहीं किया. मुझे मालूम है." पुढचा खडा शोधत ती म्हणाली, "लेकिन मुझसे होता नहीं अभी."

काय होत नाही, ते तिने सांगितलं नाही आणि अंजनाबाईने विचारलंही नाही.

घर पूर्वीसारखं चालू झालं. रीना वेळच्या वेळी चहा द्यायची, सणाला पाया पडायची, सासूच्या मलमाची ट्यूब संपत आली की न सांगता विकीकडून नवी मागवायची. पण स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन हळू आवाजात काही सांगायला ती पुन्हा आली नाही. डोकं दुखलं तरी फोनवर आईला सांगायची.

हिवाळ्याच्या तोंडावर एका दुपारी ती आणि विकी दवाखान्यातून आले. विकीच्या चेहऱ्यावर काहीतरी होतं, काळजी की आनंद ते कळेना. अंजनाबाई उंबऱ्याशी उठून उभी राहिली. "काय म्हणे डॉक्टरीण?"

"सब ठीक है," रीना म्हणाली. तिने चपला काढल्या, पिशवी पोटाशी धरली आणि आत जाऊन दार लोटून घेतलं.

विकी तिच्या मागोमाग गेला. अंजनाबाई त्या लोटलेल्या दाराकडे बघत राहिली. बाहेरून हिरालालांनी हाक मारली, "चहा ठेवतं का वं?"

"ठेवतो," म्हणत ती चुलीकडे वळली.