वाघोबाचा वाटा

"ह्याचं तोंड कंचं नि शेपूट कंची?" घोंगडीवर मांडलेल्या लोखंडाकडे बघत रुपीनं नवऱ्याला विचारलं.

नवशालाही तेच कळत नव्हतं. पण जव्हार दरबारच्या शिकारखान्याचा शिपाई असल्यामुळे त्याला तसं म्हणता येत नव्हतं. "गप ऱ्हा. जुळवतोय ना," तो म्हणाला.

विलायती रायफल खोक्यातून सुट्या तुकड्यांत येते, हे कुणाला ठाऊक नव्हतं. ती जोडायला नाशिकहून निघालेला कारागीर खोडाळ्यात हिवतापानं आडवा झाला आणि तिथूनच माघारी वळला. इकडे ठाण्याचा बडा साहेब वाघाच्या शिकारीला उद्या-परवा येऊन ठेपणार. शिकारखान्यात चुना मारणं चालू. तेव्हा दारोगा भिकाजीपंतांनी खोकं सरळ नवशाच्या झोपडीवर धाडलं. जुन्या ठासणीच्या बंदुकांना तेल लावणारा नवी बंदूक जोडू शकेल, असा पंतांचा तर्क. या हिशेबानं घोड्याला खरारा करणाऱ्यानं घोडं व्यायलाही हरकत नव्हती.

नाही म्हणायची सोय नव्हती. कमरेला दरबारचा पट्टा होता म्हणून नवशाच्या घराला वेठ माफ होती. पट्टा गेला की साहेबाच्या छावणीचं ओझं रुपीच्या नाहीतर त्याच्या म्हाताऱ्या आईच्या, पुतळीच्या, डोक्यावर येणार. आणि पुतळीचा गुडघा पावसाळ्यापासून वळत नव्हता.

खोक्यात चित्रांचा कागद होता. चित्रावर तुकडा ठेवायचा, सारखा दिसला की जोडायचा. दुपार कलेपर्यंत नळी लाकडी दस्त्यावर बसली, चाप जागेवर गेला आणि बंदूक बंदुकीसारखी दिसू लागली. नवशा जरा ताठ बसला. मग त्याच्या लक्षात आलं, की चित्रातली एक बारीक पोलादी सुई घोंगडीवर नाही.

त्यानं घोंगडी झटकली. कोंबडीवर संशय घेतला. रुपीनं चुलीतली राख चाळली.

"काय हुडकता?" ओट्यावरून पुतळीनं विचारलं.

"सुई. एवढीशी."

"ती व्हय? ती वाघोबाला ठेवली."

घरात नवं काही आलं की पहिला वाटा वाघोबाचा. मग ते भात असो की नागली. खोकं उघडताच पुतळीनं रीत पाळली होती.

"आये, ती दरबारची हाय!"

"म्हणून तर सगळ्यात बारकी दिली. मोठं समदं तुला ठेवलं ना?"

नवशा शिवेवर पोचला तेव्हा वाघोबाच्या लाकडी खांबाशी भगत लाडक्या बसला होता. सुई शेंदूर माखून देवाच्या पायाशी पडली होती. नवशानं हात पुढं केला आणि मागं घेतला.

"इचारून घे," लाडक्या म्हणाला. त्यानं वाटीतल्या पाण्यात तांदळाचे दाणे सोडले. "देव इचारतो, कशाला पायजे?"

"बंदुकीला."

"बंदूक कशाला?"

"वाघ माराया."

लाडक्यानं वाटीवरून मान वर केली. "म्हंजे त्याचा वाघ माराया त्याच्याचकडं मागतोस?"

हे नवशाला कधी सुचलंच नव्हतं. वाघोबानं गुरं राखावीत म्हणून तो दरसाल कोंबडं देत होता आणि दरबारानं वाघ मारावा म्हणून पगार घेत होता. दोन्ही गोष्टी इतकी वर्षं एकमेकींना न भेटता सुखानं चालल्या होत्या.

"मग हो म्हणतो का नाय?"

"एक दाणा तरंगला, एक बुडाला," लाडक्या डोकं खाजवत म्हणाला. "मलाबी कळंना."

नवशानं सुई देवापाशीच सोडली. सकाळी पंतांनी रायफल खांद्याला लावली आणि चाप ओढला. काहीच झालं नाही. त्यांनी पुन्हा ओढला. झाडावरचा कावळासुद्धा उडाला नाही. चित्राशी ताडून पाहिलं, तर गोळीला ठोका देणारी सुईच नव्हती.

"कंपनीनंच माल कमी धाडला असणार," पंत घाम पुसत म्हणाले. "विलायती चोर! तसं कळवून टाकू. काय रे?"

नुसती मान हलवायची होती. नवशानं ती हलवायला घेतलीही. पण सुई आलीच नाही म्हटलं, तर आईनं देवाला काय दिलं? आणि देवाच्या पायाशी आहे ते मग कुणाचं? विचार करता करता त्याचं डोकं गरगरलं आणि जे होतं तेच तोंडातून निघालं.

"नाय, सायेब. वाघोबाकडं हाय."

"मग घेऊन ये!"

"मला नाय जमणार. तू जा."

नवशासारख्या वारली माणसाच्या तोंडी दारोगालाही 'तू'च. त्याची पंतांना सवय होती. शिवेवरून जाताना मात्र तेही घोड्यावरून उतरत. त्यांनी दुसऱ्या दोन शिपायांकडे पाहिलं. शिपाई जमिनीकडे पाहू लागले. देवावर जप्ती बजावतात कशी, हे पंतांना कुणी शिकवलं नव्हतं. शेवटी जे जमत होतं ते त्यांनी केलं.

"पट्टा काढ."

साहेब आला तो स्वतःची बंदूक घेऊनच. वाघ काही निघाला नाही.

छावणीच्या पाण्यासाठी घरटी एक बाई बोलावली होती. रुपी चुली सारवायला जुंपली गेली, म्हणून झऱ्यावर पुतळी गेली. चढावर तिचा गुडघा अडला तेव्हा, वाघ उठवायचा हाका घालून परतणाऱ्या नवशानं तिच्या डोक्यावरचा हंडा उचलून आपल्या डोक्यावर घेतला. बायका फिदीफिदी हसल्या. त्याला तोल सावरेना. पाणी मानेवरून पाठीत उतरत होतं.

"देव रागावला का रं?" पुतळीनं विचारलं.

"मला ठाव नाय, आये."

"वाक जरा."

तो वाकला. तिनं आपल्या डोक्यावरची चुंबळ काढून त्याच्या हंड्याखाली सरकवली, दाबून नीट बसवली आणि लंगडत त्याच्यामागून चालू लागली. बायका बाजूला सरल्या. कुणी हसलं नाही.